गारपिटीनंतरची कसोटी

सर्व स्तुती अल्लाहसाठी आहे, जो सर्व सृष्टीचा पालनकर्ता आहे. आणि दरूद व सलाम असोत त्याच्या अंतिम प्रेषितांवर, त्यांच्या कुटुंबीयांवर व सहकाऱ्यांवर.

बंधू-भगिनींनो, दिव्य कुरआनच्या सूरह नूरमध्ये, ४३ व्या आयतीत, अल्लाहने ढगांकडे आपले लक्ष वेधले आहे. तो ढगांना हळूहळू हाकतो, मग त्यांना एकत्र जोडतो, त्यांचे थरावर थर रचतो आणि त्यांच्यामधून पाऊस बाहेर पडताना आपण पाहतो. त्याच आयतीत पुढे पर्वतासारख्या ढगांतून पडणाऱ्या गारांचा उल्लेख आहे. अल्लाह इच्छितो त्याच्यावर त्या पडतात आणि इच्छितो त्याच्यापासून त्या वळवल्या जातात. डोळे दिपवून टाकणाऱ्या विजेचाही उल्लेख तेथेच आहे.

धाराशिव जिल्ह्यातील शेतकऱ्याला ही आयत समजावून सांगण्याची गरज नाही. हिवाळा सरत असतो. ज्वारीच्या कणसांत दाणा भरलेला असतो, हरभऱ्याचे घाटे वाळत असतात, गहू पिवळा पडू लागतो आणि द्राक्षबागेतील मांडवाखाली घड उतरवण्यासाठी तयार झालेले असतात. अशा वेळी उत्तरेकडून येणारी थंड, कोरडी हवा आणि समुद्रावरून येणारी दमट हवा मध्य भारतावर एकमेकींना भिडते. खाली जमीन तापू लागलेली असते. दुपारनंतर ढग उंच चढत जातात, त्यांतील पाण्याचे थेंब वर फेकले जाऊन गोठतात, त्यांच्यावर बर्फाचे नवे थर चढतात आणि वर जाणाऱ्या हवेला त्यांचे वजन पेलेनासे झाले की ते खाली कोसळतात. चार महिन्यांची मेहनत पंधरा-वीस मिनिटांत मातीला मिळते.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर जे संकट कोसळले, ते मराठवाडा अद्याप विसरलेला नाही. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, जवळजवळ तीन आठवडे अधूनमधून अवकाळी पाऊस आणि गारा पडत राहिल्या. धाराशिव जिल्ह्यातही, ज्याचे नाव तेव्हा उस्मानाबाद होते, शिवारे पांढरी झाली. उभी ज्वारी आडवी झाली, कडबा काळा पडला, द्राक्षांचे मणी फुटले, गुरे दगावली आणि पक्ष्यांचे थवेच्या थवे झाडांखाली मरून पडले. त्याच काळात, ५ मार्च रोजी, लोकसभा निवडणुकीची घोषणा होऊन आचारसंहिता लागू झाली आणि मदत जाहीर करण्यापूर्वी शासनाला निवडणूक आयोगाची परवानगी घ्यावी लागली. पंचनामे, अहवाल, मंजुरी, वाटप या साऱ्याला वेळ लागतो. दुःखाला मात्र तितका वेळ थांबता येत नाही. गारा पडून गेल्यावरची पहिली रात्र, पहिला आठवडा, पहिला महिना हा शासनाचा नसतो. तो शेजाऱ्याचा असतो, नातलगाचा असतो, देणेकऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या घेणेकऱ्याचा असतो. त्या दिवसांत आपण कसे वागावे, याविषयी प्रेषितांनी (स.) काय शिकवले आहे, हेच आज आपल्याला पाहायचे आहे.

पापाचा हिशेब दुसऱ्याचा नव्हे, स्वतःचा

एखाद्याचे पीक बुडाले की काही जिभा लगेच सुटतात. "त्याच्या कर्माचे फळ मिळाले", "जकात काढत नव्हता, म्हणून गेले" असे बोलले जाते. बंधूंनो, हे अधिकार आपल्याला कोणी दिले? माननीय आयेशा (रजि.) यांनी कथन केले आहे की, आकाशात ढग किंवा वादळाची चिन्हे दिसली की प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग बदलत असे. ते अस्वस्थपणे आत-बाहेर करीत आणि पाऊस सुरू झाला की त्यांना हायसे वाटे. कारण विचारले असता त्यांनी आद लोकसमूहाचे स्मरण करून दिले, ज्यांनी आपल्याकडे येणारा ढग पाहून आनंद मानला होता आणि ज्यात त्यांच्यासाठी प्रकोप होता. ही हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. विचार करा, निष्पाप प्रेषित (स.) ढग पाहून स्वतः भयभीत होत आणि आपण ढग फुटल्यावर दुसऱ्याचा दोष शोधतो!

सूरह बकरहच्या १५५ व्या आयतीत अल्लाहने भय, भूक आणि धन, प्राण व फळे यांच्या हानीने ईमानवंतांची कसोटी घेण्याचे आधीच सांगून ठेवले आहे. त्या यादीत फळांचाही वेगळा उल्लेख आहे. मग जे संकट ईमानवंतांच्या वाट्याला येणार असल्याचे अल्लाहनेच सांगितले, ते आलेल्या माणसाला आपण दोषी कसे ठरवणार? या आयतीचा शेवट धीर धरणाऱ्यांना दिलेल्या शुभवार्तेने होतो.

गारांचा पट्टा अरुंद असतो, हे शेतकरी जाणतो. बांधाच्या अलीकडचे शेत भुईसपाट होते आणि पलीकडचे जसेच्या तसे उभे राहते. अलीकडच्या शेतकऱ्याची कसोटी सर्वांना दिसते; परंतु पलीकडच्याचीही कसोटी त्याच क्षणी सुरू झालेली असते. एकाची परीक्षा सब्रची आहे, तर दुसऱ्याची शुक्रची. आणि दुसरी परीक्षा अधिक अवघड आहे, कारण आपण परीक्षेला बसलो आहोत हेच अनेकदा माणसाला कळत नाही.

उंट बांधणे हाही श्रद्धेचा भाग

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) आधी तो बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले, हे तिर्मिजीच्या संग्रहातील कथन सर्वांना ठाऊक आहे. आपल्या काळात उंट बांधणे म्हणजे काय? हवामान खात्याचा इशारा आला असता काढणीला आलेले पीक शक्य तितके लवकर सुरक्षित जागी हलवणे, कडब्याची गंजी झाकणे, शेळ्या-गुरांना उघड्यावर न ठेवणे. विजा कडाडत असताना झाडाखाली उभे न राहणे आणि जनावरेही झाडाला न बांधणे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' हे मोबाइल ॲप तयार केले आहे. घरातील एका तरी मुलाने ते वडिलांच्या फोनमध्ये घालून द्यावे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे दोन क्रमांक मशिदीच्या फलकावर लिहून ठेवावेत. प्राण ही अल्लाहची अमानत आहे. निष्काळजीपणाने ती गमावणे याला तवक्कुल म्हणत नाहीत.

हानी एकट्याच्या खांद्यावर नको

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. इस्लामी शिकवणीत शेतीवर कोसळणाऱ्या नैसर्गिक आपत्तीसाठी एक स्वतंत्र संज्ञा आहे : 'जाइहा'. गारा, अतिवृष्टी, कडाक्याची थंडी, टोळधाड, वादळ अशी माणसाच्या हाताबाहेरची संकटे यात येतात. या जाइहाविषयीच्या तीन हदीसी सहीह मुस्लिममध्ये आहेत. त्या आपल्या जिल्ह्याच्या व्यवहारांशी इतक्या जुळतात की प्रत्येक शेतकऱ्याने, बागवानाने आणि आडत्याने त्या समजून घ्याव्यात.

पहिली माननीय जाबिर (रजि.) यांची आहे. तिचा आशय असा की, तुम्ही आपल्या भावाला फळे विकली आणि नंतर त्यांवर आपत्ती कोसळली, तर त्याच्याकडून किंमत घेणे तुम्हाला वैध नाही. कशाच्या मोबदल्यात तुम्ही आपल्या भावाचे धन विनाकारण घेणार?

आपल्याकडे बागा झाडावरच विकल्या जातात. बागवान येतो, बाग पाहतो, सौदा ठरतो, इसार दिला जातो. समजा, सौद्यानंतर आठ दिवसांनी गारा पडल्या. शेतकरी म्हणतो, "माल तुझा झाला होता, माझे पैसे दे." बागवान म्हणतो, "तोडणी झाली नव्हती, माझा इसार परत कर." दोघेही खरे बोलत आहेत, दोघांच्याही घरी लेकरे आहेत. वर्षानुवर्षांचा संबंध त्या एका दुपारी तुटतो. येथे फिक्हच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. इमाम मालिक (रह.) यांच्या मते हानी एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक असेल तर विकणाऱ्याने तेवढी किंमत सोडणे अनिवार्य आहे. इमाम अहमद (रह.) यांनीही किंमत सोडणे आवश्यक मानले आहे. इमाम अबू हनीफा (रह.) आणि इमाम शाफई (रह.) यांच्या मतानुसार माल खरेदीदाराच्या ताब्यात गेलेला असेल तर जोखीम त्याची, मात्र किंमत सोडणे हे पसंतीचे व पुण्याचे कृत्य आहे. आपल्या भागातील बहुसंख्य मुसलमान हनफी मताचे अनुयायी आहेत. म्हणून कायदा दाखवून हक्क मागणारा शेतकरी गुन्हेगार ठरत नाही. परंतु जे सोडणे सर्वच इमामांनी चांगले मानले, ते आपण अजिबात सोडणार नसू तर प्रेषितांच्या (स.) त्या प्रश्नाला कोणते उत्तर देणार आहोत? निदान दोघांनी आलीम माणसासमोर बसून तोटा वाटून घ्यावा. नाते वाचेल आणि पुढच्या हंगामाचा सौदाही वाचेल. फळ पक्वतेला येण्यापूर्वी, केवळ मोहोर किंवा कोवळे घड पाहून बाग विकण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली होती, तीही याच तंट्यांपासून माणसाला वाचवण्यासाठी.

दुसरी हदीस माननीय अबू सईद खुदरी (रजि.) यांची आहे. एका माणसाने फळे विकत घेतली, त्यांवर आपत्ती आली आणि तो कर्जात बुडाला. प्रेषितांनी (स.) लोकांना त्याला सदका देण्यास सांगितले. लोकांनी दिले, पण कर्ज फिटेल इतके जमले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) घेणेकऱ्यांना सांगितले की, जे मिळत आहे ते घ्या, याहून अधिक तुम्हाला नाही. या छोट्याशा प्रसंगात संपूर्ण व्यवस्था आहे. आधी समाजाने उचलायचे, मग घेणेकऱ्याने सोसायचे, आणि मधल्या माणसाला उद्ध्वस्त होऊ द्यायचे नाही. बियाणे-खताच्या दुकानाची उधारी, आडत्याची उचल, नातेवाइकाचे हातउसने, यांपैकी कोणतीही रक्कम आपली कोणाकडे येणे असेल, तर आपण या हदीसमधील घेणेकऱ्यांच्या रांगेत उभे आहोत. सूरह बकरहच्या २८० व्या आयतीत अडचणीतील कर्जदाराला सुस्थिती येईपर्यंत सवड देण्याची आज्ञा आहे आणि माफ करून टाकणे अधिक उत्तम म्हटले आहे. सवड देणे म्हणजे तारीख पुढे ढकलून व्याज चढवणे नव्हे. ते तर त्याच जखमेवर दुसरी गार मारणे होय.

तिसरी हदीस माननीय कबीसा (रजि.) यांची. मागणे केवळ तिघांनाच वैध असल्याचे प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले. त्यांपैकी एक तो, ज्याचे धन आपत्तीने नष्ट झाले; उदरनिर्वाहाची सोय होईपर्यंत त्याला मागण्याची मुभा आहे. दुसरा दारिद्र्याने गांजलेला माणूस. त्याच्यासाठी वस्तीतील तीन समंजस माणसांची साक्ष सांगितली आहे. आपत्तिग्रस्तासाठी अशी साक्ष सांगितलेली नाही, कारण त्याची हानी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. म्हणून ज्या स्वाभिमानी शेतकऱ्याने आयुष्यात कोणापुढे हात पसरला नाही, त्याने गारपिटीनंतर मदत स्वीकारण्यात लाज मानू नये. आणि आपण त्याला मागायला लावू नये.

पंचनामा ही साक्ष आहे

गारपिटीनंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक शेतात येतात. पूर्वी निम्मे पीक गेल्याशिवाय शासकीय मदत मिळत नसे. २०१५ मध्ये ही अट शिथिल होऊन ३३ टक्के हानी पुरेशी मानली जाऊ लागली. म्हणजे जवळजवळ तोच एक तृतीयांश, जो इमाम मालिक (रह.) यांनी बाराशे वर्षांपूर्वी फळांच्या हानीसाठी ठरवला होता.

या ३३ च्या आकड्याभोवती अनेकांचे ईमान डळमळते. ज्याचे दहा टक्के गेले तो चाळीस सांगतो. पंच म्हणून सही करणारा शेजारी गप्प राहतो, कारण उद्या त्यालाही त्याची सही हवी असते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायावर ठाम राहून अल्लाहसाठी साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा नातलगांच्या विरुद्ध का जाईना. पंचनाम्यावरील सही ही अशीच साक्ष आहे. खोट्या नोंदीने मिळालेला पैसा शासनाचा नसतो. तो त्या खऱ्या आपत्तिग्रस्ताचा असतो, ज्याचे नाव यादीत मागे राहिले.

आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे स्वतःच्या जमिनीवर नव्हे, तर बटईने शेती करतात. बियाणे त्यांचे, घाम त्यांचा. सातबारा मात्र मालकाचा. मदतीची रक्कम सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या खात्यात जमा होते. मालकाचा मोबाइल वाजतो आणि बटईदाराला कळतही नाही. मालकांनो, ती रक्कम पिकाच्या हानीची आहे, आणि त्या पिकात बटईदाराचा वाटा होता. जो वाटा धान्यात ठरला होता, तोच त्या रकमेत त्याला मोजून द्या. बँकेच्या कागदावर हे कोणी विचारणार नाही. परलोकात मात्र विचारले जाईल. तसेच ज्वारी काढणाऱ्या आणि द्राक्षे तोडणाऱ्या मजूर भगिनींचे नाव कोणत्याच पंचनाम्यात नसते. त्यांची महिनाभराची मजुरी गारांखालीच गाडली गेलेली असते. बैतुलमालच्या यादीत त्यांचे नाव प्रथम असावे.

ज्याची बाग वाचली त्याच्यासाठी

सूरह कहफमध्ये दोन बागांच्या मालकाचा वृत्तांत आहे. द्राक्षांचे मळे, भोवती खजुरीची झाडे, मध्ये शेती आणि वाहते पाणी. हे कधी नष्ट होईल असे त्याला वाटत नव्हते. एके सकाळी त्याने पाहिले तर मांडव कोसळून वेली भुईला मिळाल्या होत्या आणि केलेल्या खर्चाच्या विचाराने तो हात चोळत राहिला. गारपिटीनंतर ज्याने पडलेला द्राक्षमांडव पाहिला आहे, त्याच्या डोळ्यांपुढे हे दृश्य जसेच्या तसे उभे राहील. परंतु हा वृत्तांत बुडालेल्या माणसाला ऐकवण्यासाठी नाही. त्याचे मन आधीच फाटलेले आहे. तो वाचलेल्या बागेच्या मालकाने स्वतःला ऐकवायचा आहे. सूरह कलममधील बागवाले गरिबांना टाळून भल्या पहाटे फळे तोडण्याचा बेत करून झोपले आणि रात्रीच बाग उजाड झाली. मात्र त्यांनी चूक कबूल केली आणि आपल्या पालनकर्त्याकडे वळले. ज्याचे पीक वाचले त्याने या वर्षी उश्र मोजताना हात आखडू नये : पावसावर आलेल्या पिकाचा दहावा आणि खर्च करून पाणी दिलेल्या पिकाचा विसावा हिस्सा. कर्जात बुडालेला माणूस जकातीच्या हक्कदारांपैकी एक असल्याचे सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत स्पष्ट आहे.

आणि बांधाच्या पलीकडचा शेजारी मुसलमान नसेल तर? जकातीचे नियम वेगळे आहेत. पण सदक्याचे आणि शेजारधर्माचे दार सर्वांसाठी उघडे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने आजच्या उमरगा व लोहारा तालुक्यांतील गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा ढिगाऱ्याखालून येणाऱ्या हाकेला कोणी धर्म विचारला नव्हता. गारपीट भूकंपाइतका आवाज करीत नाही, पण घरात ती तितकीच खोल भेग पाडते.

माननीय उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत, हिजरी सन १८ मध्ये, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्यांनी इतर प्रांतांतून धान्याचे काफिले मागवले, त्या वर्षीची जकातवसुली पुढे ढकलली आणि लोकांना तूप मिळेपर्यंत स्वतः तूप खाल्ले नाही. तेल खाऊन त्यांचा वर्ण काळवंडला. शासकाकडून आपण हीच अपेक्षा जरूर ठेवावी. मात्र आपल्या ताटाकडेही एकदा पाहावे. शेजाऱ्याच्या चुलीत जाळ नसताना आपल्या घरी लग्नाची पंगत थाटात उठणार असेल, तर ती तारीख पुढे ढकलता येते किंवा ती पंगत लहान करता येते.

शेवटी एक कळकळीची विनंती. ज्याचे पीक बुडाले, ज्याच्यावर कर्ज आहे आणि जो गेले काही दिवस मशिदीत दिसला नाही, त्याच्या घरी जा. उपदेश घेऊन जाऊ नका, जवळ बसा. मराठवाड्यातील किती घरांत कर्ता पुरुष अशाच शांततेत निघून गेला आहे! अल्लाहने स्वतःचा जीव घेण्यास मनाई केली आहे, हे त्याला ठाऊक असते. त्याला ठाऊक नसते ते हे की, अजून कोणीतरी आपले आहे. ते सांगायला चार शब्दही लागत नाहीत. त्याच्या शेतातील पडलेली ज्वारी उचलायला दहा तरुण गेले, तरी ते त्याला कळते.

हे अल्लाह, तूच ढग हाकणारा आहेस आणि तूच आमची भाकर देणारा आहेस. आमच्या शेतांचे, जनावरांचे आणि लेकरांचे रक्षण कर. ज्यांच्यावर तू कसोटी पाठवलीस त्यांना सब्र दे आणि गमावलेल्याहून उत्तम दे. ज्यांना तू वाचवलेस त्यांची मने उदार कर. आमच्या सौद्यांत बरकत आणि आमच्या साक्षींत सत्य दे. आमीन, या रब्बल आलमीन.